पहिला जुना गार्डन ट्रॅक्टर: खोलायच्या आधी चालू करा

अमेरिकेत इलिनॉयमध्ये राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये एक छोटा पिवळा-पांढरा ट्रॅक्टर धूळ खात पडलेला दिसला. कब कॅडेट १२२. नाव वाचलं तर खाली इंटरनॅशनल हार्वेस्टर, म्हणजे ती जुनी अमेरिकन ट्रॅक्टर कंपनी, आणि मी जागच्या जागी थांबलो. कारण आमच्या गावाकडे ज्या महिंद्रा बी-२७५ वर बसायला आम्ही पोरं भांडायचो तोही याच घराण्यातला. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ आपल्याकडे बनायला लागला. म्हणजे हा पिवळा बारका त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊच. तिथून जुने ट्रॅक्टर परत चालते करायचा जो किडा लागला तो लागलाच, आणि आता नवीन आलेली मराठी मंडळी (घर घेतलं, अर्धा एकर गवत आलं, यूट्यूब बघितलं) विचारतात की सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी हे गार्डन ट्रॅक्टर म्हणजे नेमकं काय ते बघा. दुकानात आज मिळतो तो पत्र्याचा गवत कापायचा रायडिंग मोअर वेगळा. साठ-सत्तरच्या दशकातले हे म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरची छोटी आवृत्ती, बिडाचा गिअरबॉक्स, बिडाचं एक सिलिंडरचं इंजिन, मागं नांगर, पुढं बर्फ ढकलायचं पातं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या लोकांनी शहराबाहेर मोठे प्लॉट घेतले, त्यांना मोठा ट्रॅक्टर नको होता पण हातानं कापणंही जमत नव्हतं, त्यातून हा धंदा उभा राहिला. कब कॅडेट १९६१ ला आला, केंटकीतल्या लुइव्हिलला बनायचा, गिअरबॉक्स मोठ्या भावाच्या म्हणजे फार्मॉल कब या त्याच कंपनीच्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या अंगाचा. लाल रंगाचे व्हील हॉर्स इंडियानातल्या साउथ बेंडचे. जॉन डिअर ११० हा १९६३ चा, विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनचा. बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी दोन्ही विस्कॉन्सिनच्याच पोर्ट वॉशिंग्टनचे, एकाच गावातले.

कुठला घ्यायचा

पहिल्यांदा घेताना कब कॅडेट, व्हील हॉर्स किंवा डिअर यापैकीच काहीतरी घ्या, कारण पार्ट मिळतात. दुर्मिळ ब्रँडच्या मोहात पडू नका, तो तिसरा ट्रॅक्टर असू दे. यातल्या बऱ्याच मशीनवर कोहलरचं के-सिरीज इंजिन असतं (के१८१ आठ हॉर्सपॉवर, के२४१ दहा, के३०१ बारा, के३२१ चौदा, के३४१ सोळा) आणि हे एक इंजिन शिकलात की निम्मं शास्त्र शिकलात.

बघायला जाताना पुढची चाकं धरून हलवा, किती लुळी आहेत ते कळतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्यासारखा आवाज आला तर वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असू शकतं, त्यानं रिम आतून सडते, व्हॉल्व्हच्या भोवती गंज बघा. गिअरबॉक्सचं तेल बघा, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की पावसाचं पाणी थेट आत उतरतं, इथल्या थंडीत ते गोठतं आणि बिडाच्या केसिंगला तडा जातो, मग तो ट्रॅक्टर पार्टच्या भावातच घ्यायचा. आणि मालक म्हणाला ना की "गेल्या वर्षी चालत होता, फक्त कार्बोरेटर साफ करायचाय", तर हसायचं आणि निम्मी किंमत सांगायची. हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो, आता मीपण म्हणतो.

आणायचा कसा तर भाड्याच्या ट्रेलरवर, रॅम्पवाला घ्या. तीनशे किलोच्या वरचं धूड आहे, दोन मित्रांनी ढकलून चढवायचा विषय नाही. विंच लावा, मागं कोणी उभं राहू नका.

पहिला आठवडा: पाना बाजूला ठेवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. दुसरा ट्रॅक्टर आणला, शनिवारी सकाळी उत्साहात सगळा खोलला, रविवारी संध्याकाळपर्यंत गॅरेजभर नट-बोल्ट, सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत, एकावरही नाव नाही. दोन वर्षं तो डब्यांतच राहिला. बायको पाहुण्यांना सांगायची की हे आमचं तिसरं अपत्य, अजून जुळायचंय. नंतर लक्षात आलं की बाजारात "प्रोजेक्ट, सगळे पार्ट आहेत" म्हणून जे ट्रॅक्टर खोक्यांत विकायला येतात ते सगळे असेच कुणाच्या तरी उत्साहाचे बळी असतात.

तर नियम एकच, आधी चालू करा, थोडा चालवा, मग ठरवा काय खोलायचं ते. चालणाऱ्या मशीनवर जीव जडतो, ते कुणी अर्धवट सोडत नाही. शिवाय चालवल्यावरच कळतं की ब्रेक लागत नाही, दुसरा गिअर सुटतो, इंजिन निळा धूर काढतं. एकदा खोलल्यावर हे कळायचा मार्गच नाही.

पहिल्या दिवशी फक्त धुवा आणि फोटो काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक स्प्रिंग कुठल्या भोकात अडकलीय, गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणारा भाग) दांडी कुठं जोडलीय. शंभर फोटो काढा, कमीच पडतात. सिरियल नंबरची पट्टी शोधून नंबर लिहून ठेवा, पार्ट मागवताना तोच लागतो. आणि हो, आपल्याकडून आणलेली एमएमची पाना-सेट इथं काही कामाची नाही, सगळं इंचात आहे, ७/१६, १/२, ९/१६ हे तीन पाने रोज लागतील.

इंजिन जागं करणं

की फिरवायची घाई नको. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनला एकदम स्टार्टर मारला तर रिंगा अडकलेल्या असतात, व्हॉल्व्ह चिकटलेला असतो, होत्याचं नव्हतं होतं. स्पार्क प्लग काढा, आत दोन-तीन चमचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल ओता, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी हातानं फिरवून बघा. फिरलं तर देव पावला. नाही फिरलं तर अजून तेल, अजून चार दिवस, थोडं पुढे थोडं मागे. पिस्टनवर हातोडी चालवणारे लोक मी बघितलेत, त्यांची इंजिनं नंतर बघितलेली नाहीत.

मग इंजिनवरचा पत्रा काढा. हे कुणी सांगत नाही आणि हेच महत्त्वाचं. ही हवेवर थंड होणारी इंजिनं आहेत, आणि त्या पत्र्याखाली, सिलिंडरभोवतीच्या थंड करायच्या पट्ट्यांमध्ये (फिन), उंदरांचं घरटं असतं. असतंच. माझ्या १२२ मध्ये गवत, सोफ्याचा कापूस आणि अक्रोडाची टरफलं निघाली, दोन बादल्या. ते तसंच ठेवून अर्धा तास चालवलं तर इंजिन भाजून निघतं.

इंजिन ऑइल बदला, के-सिरीजला साधं एसएई ३० लागतं. जुन्या तेलाला पेट्रोलचा वास आला (इथं पेट्रोलला गॅस म्हणतात, मला अजून सवय नाही) तर कार्बोरेटरचा फ्लोट (आतलं पेट्रोल योग्य पातळीला अडवणारा तरंगता भाग) गळतोय असं समजा.

आता स्पार्क. प्लग वायरला लावून इंजिनच्या बिडाला टेकवा, भोकापासून लांब धरा, आणि फिरवा. ठिणगी नाही आली तर दहातल्या नऊ वेळा पॉइंट्सवर (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे बारके संपर्क) ऑक्साइड धरलेलं असतं. के-सिरीजमध्ये पॉइंट्स इंजिनच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात, फ्लायव्हील (इंजिनचं जड फिरतं चाक) काढावं लागत नाही, याबद्दल ज्यानं डिझाइन केलं त्याला मनापासून दंडवत. व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून ओढून पुसा, फारच खराब असतील तर नवे घाला, गॅप ०.०२० इंच. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनला प्लगची गॅप ०.०३५ इंच.

पेट्रोलची जुनी टाकी पहिल्या दिवशी वापरूच नका, आत गंज आणि वार्निशसारखा चिकट थर असतो. छोटी बाटलीची टाकी वर टांगा, नवी नळी, नवा फिल्टर. कार्बोरेटर खोलून साफ करताना तारेनं जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) खरवडू नका, भोक मोठं झालं की ते इंजिन परत कधी सुधं चालत नाही. क्लीनरचा स्प्रे आणि हवा, एवढंच.

एक गंमत सांगतो. नवीन माणूस कॉम्प्रेशन गेज आणतो, आकडा अगदी कमी येतो, आणि तो रडत फोन करतो की इंजिन संपलं. अहो, बऱ्याच के-सिरीज इंजिनांत कॅमवर ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज असतं, स्टार्ट करायला सोपं जावं म्हणून हळू फिरताना ते व्हॉल्व्ह जरा उघडा ठेवतं. त्यामुळे गेजचा आकडा फसवा. खरं कळायचं तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते बघा.

साठच्या दशकातल्या बऱ्याच मशीनवर वेगळा स्टार्टर आणि वेगळा अल्टरनेटर नसतो, एकच पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर असतो, आधी तो इंजिन फिरवतो मग इंजिन त्याला फिरवतं. त्याचा रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा डबा) बदलला की इंजिन चालू करायच्या आधी जनरेटर पोलराइज करावा लागतो, रेग्युलेटरच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टर्मिनलना एका वायरनं क्षणभर टेकवायचं, छोटी ठिणगी उडते, झालं. हे न करता लोक नवा रेग्युलेटरच परत करतात.

चालला, आता थांबवा

पहिल्यांदा चालू झाल्यावर जो आनंद होतो त्यात आपण ब्रेक विसरतो. माझा गॅरेजच्या दारापर्यंत गेला. म्हणून ब्रेक, क्लच, स्टीअरिंग हे तीन आधी, रंग नंतर. जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतो, काँप्रेसरच्या हवेनं धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. गिअरवाल्या कब कॅडेटमध्ये क्लच इंजिनमागच्या लांब शाफ्टवर असतो, त्यातल्या पिना आणि कपलर झिजतात आणि गिअर घालताना करकर आवाज येतो. शाफ्टची भोकं लांबट झाली असतील तर नुसती पिन बदलून काही होत नाही, शाफ्टच बदला. सगळ्या ग्रीस निपलांना जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा. एखादं निपल घेतच नसेल तर ते निपल बदला, सोडून देऊ नका.

गंजलेले बोल्ट

इथं सगळा संयमाचा खेळ आहे. गंज सोडवणारं तेल आज मारा, उद्या परत मारा, परवा पाना लावा. मग उष्णता, नट लालसर होईपर्यंत तापवा आणि थंड होऊ द्या, पण आसपास पेट्रोल, तेल, टायर नको. उघडायच्या दिशेनं जोर लावायच्या आधी जरासा आवळायच्या दिशेनं हलवा, कडकन आवाज आला की समजायचं सुटला. व्हील हॉर्सचे मागचे हब तर कुप्रसिद्ध आहेत, सेट स्क्रू काढून सुद्धा येत नाहीत, आणि तीन पायांच्या पुलरनं ओढलं की बिडाची कड तुटते. चाकाच्या बोल्टच्या भोकांना जाड प्लेट लावून मधून दाबा, तेल पाजत राहा, आठवडा लागला तर लागू द्या. कब कॅडेटचं स्टीअरिंग व्हील निघालं नाही तर, माझं ऐका, राहू द्या तसंच. चाकाला कागद गुंडाळून रंग मारता येतो.

बारक्या पार्टचा गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस मस्त. प्लास्टिकचा टब, पाणी, कपडे धुवायचा वॉशिंग सोडा (गॅलनला एक मोठा चमचा), आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह ट्रॅक्टरच्या पार्टला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाला, उलटं झालं तर तुमचाच पार्ट झिजतो. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील कधीच वापरू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून दार उघडं, सिगारेट बंद. आणि अॅल्युमिनियमचं काहीही त्यात टाकू नका. मी कार्बोरेटर टाकला होता, पुढचं विचारू नका.

रंग

रंगाबद्दल थोडक्यात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ओला सँडपेपर वापरा, मास्क लावा. स्प्रे कॅननं कामाचा ट्रॅक्टर छान दिसतो. त्याहून चांगलं पाहिजे तर इनॅमलमध्ये हार्डनर घालून गननं मारा, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा येणारं उपकरण लागतं. नसेल तर बॉडी शॉपवाल्याला द्या, फुप्फुसं दुसरी मिळत नाहीत. रंगाच्या खर्चाचे पैसे विकताना परत मिळत नाहीत हे आधीच मनाशी कबूल करून टाका.

आणि रंगवायच्या आधी मूळ रंग कुठला होता ते खरवडून बघा. १९६९-७० च्या सुमाराला जॉन डिअरनं पॅटिओ सिरीज म्हणून पांढऱ्या अंगावर पिवळ्या, लाल, नारिंगी आणि निळ्या रंगाची बॉनेट आणि सीट दिली होती. तेव्हा फार चालली नाहीत, डीलरांनी काही डिअरच्या नेहमीच्या हिरव्या रंगात रंगवून विकली, आणि आता लोक तीच शोधत फिरतात. तुमच्या हिरव्या बॉनेटखाली निळा निघाला तर सँडपेपर खाली ठेवा.

आपल्या मनासारखं करणं

कस्टमायझेशन म्हटलं की पोरांचे डोळे चमकतात. एलईडी दिवे, चांगली सीट, मागच्या चाकांना बिडाची वजनं, बर्फासाठी साखळ्या, अवजार उचलायला इलेक्ट्रिक अॅक्चुएटर, हे सगळं करा, बोल्टनं लावा म्हणजे काढता येतं. फ्रेमला वेल्डिंग करायच्या आधी मात्र दोनदा विचार.

नवं इंजिन घालायचा विचार असेल तर ट्रॅक्टर बघून ठरवा. व्हील हॉर्समध्ये इंजिन पट्ट्यानं गिअरबॉक्स फिरवतं, त्यामुळे आडव्या शाफ्टचं स्वस्त नवं इंजिन त्यामानानं सहज बसतं. कब कॅडेटमध्ये मात्र क्लच इंजिनच्या फ्लायव्हीलच्या बाजूनं चालतो, नव्या इंजिनाला त्या बाजूला नुसता पंखा असतो, म्हणून अडॅप्टरचं लेथचं काम करावं लागतं. ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांना हे सांगायची गरज नाही आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी जुनंच इंजिन बांधून घ्यावं.

एक गोष्ट मात्र गंमत नाही. गव्हर्नर ३६०० आरपीएमला लावलेला असतो, तो काढून किंवा स्प्रिंग बदलून इंजिन पळवू नका. बिडाचं फ्लायव्हील त्याच्यापेक्षा बरंच जास्त फिरलं तर फुटतं आणि तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे जातात, तुमची मांडी बरोबर त्याच्या रांगेत असते. पुलिंगच्या (वजन ओढायच्या) स्पर्धेत पळवतात ते लोक स्टीलचं फ्लायव्हील आणि जाड संरक्षक कवच लावून, आपण नाही.

ठेवणं

आता हे बघा, तुम्ही जो ट्रॅक्टर मरायला टेकलेला म्हणून विकत घेतला तो बहुतेक वेळा चालवून नाही, ठेवून मेलेला असतो. कुणीतरी ऑक्टोबरमध्ये पेट्रोल भरलेलं तसंच ठेवलं आणि पुढची दहा वर्षं आलंच नाही.

इथल्या बहुतेक पंपावर दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं आणि कार्बोरेटरमध्ये हिरवी-पांढरी साय धरते. थंडीसाठी ठेवायचं असेल तर इथेनॉल नसलेलं मिळतंय का बघा, स्टॅबिलायझर घाला, इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल, मग टाकीची तोटी बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. ऑइल ठेवायच्या आधी बदला, वसंतात नाही, कारण जुन्या तेलातलं आम्ल आणि पाणी बेअरिंगवर हिवाळाभर बसून राहतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, हातानं दोन फेरे, प्लग परत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून ठेवा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, ओल आत जात नाही. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्जर. टायरमध्ये हवा पूर्ण, खाली फळी.

प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि नवा रंग फोडासारखा उठतो. सुती पाहिजे. आमच्याकडे आईची जुनी नऊवारी ट्रॅक्टरवर असते, नऊ वार म्हणजे कब कॅडेट पूर्ण झाकून वर सीटलाही उरते, आईला फोटो पाठवला तर म्हणाली, इस्त्री तरी करायचीस.

जागेचा प्रश्न सगळ्यांना येतो. दोन गाड्यांच्या गॅरेजात एक गाडी, एक ट्रॅक्टर, वर माळ्यावर गणपतीचं मखर आणि भिंतीला पोरांच्या सायकली, असंच चालतं. मोअर डेक (गवत कापायच्या पात्यांचं कवच) आणि बर्फाचं पातं भिंतीला टांगा, जमिनीवर ठेवलं की खालून सडतं. कॉलनीच्या सोसायटीचे नियम वाचून घ्या, बऱ्याच ठिकाणी अंगणात दिसेल असं यंत्र ठेवू देत नाहीत. दुसरा ट्रॅक्टर आणायचा असेल तर आधी पहिल्याची जागा मोजा. मी मोजली नव्हती, आता गाडी बाहेर बर्फात असते.

आणि उंदीर. डांबरगोळ्या टाका, पण त्यावर भरवसा नको. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या भोकात स्टील वूल कोंबा, आणि लगेच, त्याच मिनिटाला, स्टीअरिंगला लाल कापड बांधा म्हणजे एप्रिलमध्ये की फिरवायच्या आधी आठवेल की आत काय कोंबलंय.